डावावरची टीका, जुन्या अर्थाने

'टीका' हा शब्द आज आपण बहुधा दोषदर्शनाच्या अर्थाने वापरतो. एखाद्यावर 'टीका झाली' म्हणजे त्याचे काहीतरी चुकले, असेच ऐकणारा गृहीत धरतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र या शब्दाचा जुना अर्थ ठाऊक असतो. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे, म्हणजे ती गीतेची उणीदुणी काढत नाही. मूळ वचनात जे आवळून ठेवलेले आहे ते ती उलगडते, ऐकणाऱ्याच्या हाती देते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ भाषेत शेजारी नांदत असले तरी त्यांनी सुचवलेल्या वृत्ती फार वेगळ्या आहेत. एक वृत्ती विचारते, 'हे बरोबर की चूक?' दुसरी विचारते, 'हे असे का?'

अव्वल दर्जाच्या बुद्धिबळ स्पर्धांकडे आज आपण ज्या रीतीने पाहतो तिच्यात पहिल्या वृत्तीने दुसरीला जवळजवळ हद्दपार केले आहे, असे माझे मत आहे. हे नुकसान केवळ खेळाचे नाही. वाचन म्हणजे काय, या आपल्या रोजच्या व्यवसायातल्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून तो विषय येथे मांडत आहे.

बुद्धिबळाचा डाव संपला की मागे उरते ती चालींची नोंद. चाळीस-पन्नास चालींचा डाव अर्ध्या पानात मावतो. ही नोंद सूत्रासारखी असते. सूत्रात एक अक्षरही जास्तीचे नसते आणि म्हणूनच ते नुसते वाचून कळत नाही. पाणिनीच्या सूत्रांना पतंजलीचे महाभाष्य लागते, तसे डावाच्या नोंदीलाही भाष्य लागते. अमुक घरातला घोडा तमुक घरात गेला एवढे नोंद सांगते. तो का गेला, त्या क्षणी दुसऱ्या कोणत्या चाली शक्य होत्या, त्या का नाकारल्या, प्रतिस्पर्ध्याला कशाचे भय वाटले असावे, हे नोंदीत नसते. किंबहुना डावाचा बराचसा अर्थ न खेळलेल्या चालींत असतो. कवीने खोडलेले शब्द आपल्याला हस्तलिखितातच क्वचित दिसतात. बुद्धिबळात मात्र खोडलेले शब्द पटावरून पुन्हा शोधून काढता येतात, कारण तीच स्थिती पुन्हा मांडता येते. भाष्यकाराचे काम ते असते.

या भाष्याचा एक मोठा नमुना म्हणजे १९५३ साली स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या आव्हानवीरांच्या स्पर्धेवर डेव्हिड ब्रॉनस्टाइन यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला ग्रंथ. नॉयहाउसेन आणि झुरिच येथे झालेल्या त्या स्पर्धेत पंधरा खेळाडू होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, म्हणजे एकूण २१० डाव. जिंकला स्मिस्लोव्ह. ब्रॉनस्टाइन स्वतः त्या स्पर्धेत खेळले होते, आणि त्यांच्या ग्रंथात या सर्व डावांवर टिपणे आहेत. ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की त्यात चालींच्या लांबलचक शाखा-उपशाखांची दाटी तुलनेने कमी आणि शब्दांतले विवेचन जास्त आहे. काळ्या घरांवरचे दौर्बल्य म्हणजे काय, बंद केंद्र खेळाडूच्या मनावर काय परिणाम करते, एखादी योजना कोणत्या चालीपाशी जन्माला येते, हे तेथे गद्यात सांगितले आहे. शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हे पुस्तक पाठ्यपुस्तकासारखे वापरले आणि कादंबरीसारखे वाचले.

त्या स्पर्धेतला एक डाव उदाहरणादाखल घेऊ. अवेरबाख पांढरी मोहरी घेऊन कोतोव्हविरुद्ध खेळत होता. दोन्ही बाजूंची प्यादी एकमेकांत अडकून पटाचा मध्य बंद झालेला. तिसाव्या चालीला कोतोव्हने आपला वजीर एच३ घरातल्या एका प्याद्याच्या बदल्यात देऊन टाकला. पांढऱ्या राजाने वजीर घेतला, आणि घेताच त्याला घराबाहेर यावे लागले. तीन चालींत तो पटाच्या मध्याजवळ, शत्रूच्या मोहऱ्यांच्या गराड्यात उभा होता. मात मात्र लगेच झाली नाही. काळा घोडा शह देत पुढे यायचा, मागे जायचा, पुन्हा पुढे यायचा. राजा दोन घरांत येरझारा घालत राहिला, आणि पांढऱ्याने शरणागती पत्करली ती ५१व्या चालीनंतर.

नवशिक्याने या डावातून काय घ्यायचे? 'वजीर देऊन टाकला' ही त्यातली नेत्रदीपक गोष्ट, पण तेवढेच घेतले तर हाती काही लागत नाही. खरे शिकण्यासारखे आहे ते बंद केंद्रात. मध्य बंद असल्यामुळे पांढऱ्याची मोहरी आपल्या राजाच्या मदतीला वेळेत पोहोचू शकत नव्हती. पटावर ती संख्येने होती, पण जिथे प्रसंग होता तिथे नव्हती. वजिराचे बलिदान ही स्थितीतून उगवलेली गोष्ट आहे, वरून चिकटवलेली नव्हे. आपल्या काव्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हा अलंकारापेक्षा औचित्याचा विषय आहे. क्षेमेंद्राने म्हटल्याप्रमाणे औचित्य नसेल तर अलंकार ओझे होतो, आणि पटावर ते ओझे मोहऱ्याच्या किमतीत मोजावे लागते. हे सगळे सांगायला भाष्य लागते. कोतोव्हची ती चाल 'उत्तम' होती एवढे सांगून ते कळत नाही.

आता आजच्या प्रक्षेपणाकडे वळू. मोठ्या स्पर्धेचा डाव पाहताना पटाच्या शेजारी एक उभी मोजपट्टी असते, अर्धी पांढरी, अर्धी काळी. संगणकाचे इंजिन प्रत्येक क्षणी स्थितीचे मूल्य काढते आणि पट्टी वरखाली होते. सोबत एक आकडाही असतो. स्थिती कोणाच्या बाजूला किती झुकली आहे हे तो ढोबळमानाने प्याद्यांच्या मापात सांगतो. ही इंजिने आज जगातल्या कोणत्याही माणसापेक्षा कितीतरी बलवान आहेत, याविषयी वाद नाही. त्यांचे उत्तर बहुतेक वेळा बरोबर असते, याविषयीही नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. उत्तर आधी हाती आल्यावर आपण प्रश्न वाचतो का?

डिसेंबर २०२४ मधला सिंगापूरचा जगज्जेतेपदाचा सामना वाचकांना आठवत असेल. तेरा डाव संपल्यावर डिंग लिरेन आणि दोम्माराजू गुकेश यांचे प्रत्येकी साडेसहा गुण होते. १२ डिसेंबरचा चौदावा डाव हा नियमित वेळेतला शेवटचा. तो बरोबरीत सुटला असता तर निर्णय जलद डावांवर गेला असता. या डावात डिंगकडे पांढरी मोहरी होती. उत्तरार्धात पटावर दोघांकडे एकेक हत्ती आणि एकाच रंगाच्या घरांतून फिरणारा एकेक उंट उरला, आणि गुकेशकडे एक प्यादे जास्त होते. मोजपट्टी शून्याच्या आसपास स्थिर होती. डाव बरोबरीत सुटणार असे पाहणारे जवळजवळ धरून चालले होते. ५५व्या चालीला डिंगने आपला हत्ती एफ२ घरात आणून हत्तींच्या अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवला, आणि पट्टी कोसळली.

त्या क्षणी जगभरातल्या असंख्य प्रेक्षकांना डिंगची चूक कळली. गंमत अशी की खुद्द गुकेशला ती लगेच कळली नव्हती. आपण दुसरीच चाल खेळण्याच्या बेतात होतो, असे त्याने नंतर पत्रकारांना सांगितले. म्हणजे जगज्जेता होऊ घातलेल्या खेळाडूच्याही आधी, आपापल्या घरी बसलेल्या हौशी मंडळींना डावाचा निकाल समजला होता. पण त्यांना नेमके काय समजले होते? काहीतरी भयंकर घडले, एवढेच. का घडले, हे त्यांतल्या बहुतेकांना सांगता आले नसते. माहिती आणि आकलन यांच्यातले अंतर इतक्या उघडपणे क्वचितच दिसते.

खरे म्हणजे ते 'का' अवघड नाही, आणि शिकण्यासारखे तर नक्कीच आहे. डिंगचा उंट ए८ घरात, अगदी कोपऱ्यात होता. कोपऱ्यातल्या उंटाला बाहेर पडायला एकच कर्ण असतो. हत्तींची अदलाबदल होताच काळ्याने आपला उंट डी५ घरात, त्याच कर्णावर आणून ठेवला. आता पांढरा उंट त्या कर्णावर कुठेही सरकला तरी काळ्या उंटाच्या माऱ्यातच राहणार. म्हणजे उंटांची अदलाबदल टाळता येत नाही. ती झाली की पटावर फक्त राजे आणि प्यादी उरतात, आणि अशा अंतिम अवस्थेत येथे एका प्याद्याची आघाडी निर्णायक ठरते. ५८व्या चालीवर डिंगने हार मानली. साडेसात विरुद्ध साडेसहा गुणांनी, अठराव्या वर्षी, गुकेश जगज्जेता झाला.

यातून मिळणारा धडा एका वाक्यात सांगता येतो: मोहरी कमी करत नेताना शेवटच्या मोहऱ्याची अदलाबदल आपल्या मर्जीने होणार की दुसऱ्याच्या, हे आधी पाहावे. हे वाक्य एकदा मनात उतरले की वाचक ते आपल्या क्लबातल्या साध्या डावातही वापरू शकतो. पट्टीच्या कोसळण्यातून मात्र असे कोणतेही वाक्य तयार होत नाही.

या डावाविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण येथे आकडा नुसता अपुरा पडत नाही तर तो दिशाभूलही करतो. शून्य म्हणजे समतोल, असे आपण मानतो. इंजिनाच्या शून्याचा अर्थ एवढाच, की दोन्ही बाजू अखेरपर्यंत बिनचूक खेळल्या तर डाव बरोबरीत सुटेल. पण पटावरचे ओझे सारखे नव्हते. गुकेशला धोका जवळपास नव्हता. त्याने चाली करत राहायचे होते. डिंगला मात्र प्रत्येक चालीला सावध राहायचे होते, तेही कित्येक तासांच्या खेळानंतर, घड्याळातला वेळ आटत असताना आणि तीन आठवड्यांच्या सामन्याचा शीण अंगावर असताना. दोघांच्या अडचणीचे माप इतके वेगळे असताना त्या स्थितीला 'शून्य' म्हणणे हे गणिताच्या दृष्टीने खरे आणि मानवी दृष्टीने खोटे होते. सामन्यानंतर काही नामवंतांनी एवढा मोठा मुकुट एवढ्या ढोबळ चुकीवर ठरावा याबद्दल नाराजी व्यक्त केली. मला वाटते, त्यांनी ५५वी चाल वाचली, पण तिच्याआधीच्या चाली वाचल्या नाहीत. बरोबरीच्या स्थितीत बरोबरी न मागता प्रतिस्पर्ध्यापुढे तासन् तास लहान लहान प्रश्न ठेवत राहणे हेच गुकेशचे त्या दिवसाचे कर्तृत्व होते. चूक डिंगने केली हे खरे, पण ती घडेल असे वातावरण कोणी तयार केले, हे विचारल्याशिवाय तो डाव वाचला असे म्हणता येत नाही.

भाष्याची परंपरागत चिन्हे पाहिली तरी हा फरक जाणवतो. चांगल्या चालीपुढे उद्गारचिन्ह, वाईट चालीपुढे प्रश्नचिन्ह, हे सर्वांना माहीत असते. पण जुन्या भाष्यकारांनी दोन मिश्र चिन्हेही वापरली. आधी उद्गार आणि मग प्रश्न असेल तर चाल लक्ष देण्याजोगी आहे, पण ती निर्विवाद सिद्ध झालेली नाही. आधी प्रश्न आणि मग उद्गार असेल तर चाल शंकास्पद आहे, पण ती सहज फेटाळता येणार नाही. या दोन चिन्हांत भाष्यकाराची सारी माणुसकी एकवटली आहे. 'मला खात्री नाही, पण येथे थांबा' असे तो वाचकाला सांगत असतो. आज डाव इंजिनाला दिला की प्रत्येक चालीपुढे एखादे लेबल चिकटून येते: अचूक, सदोष, घोडचूक. ही टीका नव्या अर्थाची. तिच्यात 'येथे थांबा' असे सांगणारा आवाज नाही.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की लेखकाला संगणकपूर्व काळाची ओढ लागली आहे. तसे नाही. जुन्या भाष्यपरंपरेचा एक मोठा दोष इंजिनानेच उघडा पाडला, हे मान्य केलेच पाहिजे. तो दोष म्हणजे निकालावरून मागे वळून लिहिलेले भाष्य. कोण जिंकला हे माहीत असल्यामुळे भाष्यकार विजेत्याच्या प्रत्येक चालीत दूरदृष्टी पाहायचा आणि पराभूताच्या प्रत्येक चालीत ऱ्हासाची चाहूल. लेखकाचे चरित्र आधी वाचून मग त्याच्या कवितांत तेच चरित्र शोधणाऱ्या समीक्षेसारखाच हा प्रकार. इंजिनाला निकालाशी देणेघेणे नसते. पराभूताने २०व्या चालीला विजेत्यापेक्षा चांगला खेळ केला असेल तर ते तसे सांगते. शिवाय परदेशी मासिके आणि महागडे ग्रंथ ज्यांच्यापर्यंत कधी पोहोचले नसते, अशा लहान गावातल्या मुलांच्या हाती आज जगातला सर्वांत बलवान परीक्षक फुकट आला आहे. हे लोकशाहीकरण लहान नव्हे.

पण इंजिनाने दाखवलेले सत्य भाष्यात कसे सामावून घ्यायचे, हा प्रश्न उरतोच. १९९९ साली विक आन झी येथे कास्पारोव्हने टोपालोवविरुद्ध २४व्या चालीला हत्तीचे बलिदान दिले आणि काळ्या राजाला आपल्या घरातून ओढत ओढत थेट पांढऱ्याच्या पहिल्या रांगेपर्यंत नेले. बुद्धिबळाच्या इतिहासातल्या सर्वाधिक प्रशंसित डावांपैकी हा एक. पुढे विश्लेषणात दिसून आले की टोपालोवने तो हत्ती घ्यायलाच नको होता. राजा एक घर सरकवून बलिदान नाकारले असते तर त्याला काहीच भीती नव्हती. मग हा डाव खोटा ठरतो का? ज्याला फक्त निर्णय हवा आहे तो म्हणेल, होय, ते बलिदान सदोष होते. ज्याला डाव वाचायचा आहे त्याच्यासाठी मात्र प्रश्न येथून सुरू होतात. टोपालोवला तो हत्ती घ्यावासा का वाटला असेल? घेतल्यानंतर कास्पारोव्हने ज्या चाली शोधल्या त्या पटावर बसून किती आधी दिसू शकतात? बलिदान देणारा नेमके काय पणाला लावत असतो?

मिखाईल तालच्या डावांत तर हे प्रश्न पावलोपावली येतात. १९६० च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात बॉटविनिकविरुद्ध सहाव्या डावात २१व्या चालीला त्याने घोडा एफ४ घरात नेऊन देऊ केला. सभागृहात एवढी खळबळ माजली की प्रेक्षकांच्या गोंगाटामुळे डाव आतल्या बंद खोलीत हलवावा लागला. पुढच्या विश्लेषणात त्या बलिदानात त्रुटी सापडल्या. त्या शोधायला विश्लेषकांना पुष्कळ सवड होती. बॉटविनिककडे होते फक्त त्याचे घड्याळ. तालने तो डाव जिंकला, सामनाही जिंकला आणि मग त्या सामन्यावर स्वतःच पुस्तक लिहिले. त्यात शाखा-उपशाखांबरोबर त्या त्या क्षणीची मनःस्थितीही आहे. भीती, संशय, प्रतिस्पर्ध्याच्या स्वभावाचा अंदाज. खेळाडूच आपल्या डावाचा टीकाकार होतो तेव्हा काय मिळते याचे हे पुस्तक उत्तम उदाहरण आहे.

शिकण्याच्या दृष्टीने आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. डावपेच शिकायचे तर कोडी सोडवावीत, असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा नाही. दुहेरी हल्ला, मोहरे जखडणे, दडलेला शह, हे नमुने हाताशी असलेच पाहिजेत. पण कोड्यात आणि डावात एक मूलभूत फरक आहे. कोडे समोर आले की येथे काहीतरी दडले आहे, हे आपल्याला आधीच सांगितलेले असते. डावात ते कोणी सांगत नाही. 'संदर्भासह स्पष्टीकरण करा' या प्रश्नात ओळ निवडून दिलेली असते. अख्ख्या कवितेतली कोणती ओळ थांबण्याजोगी आहे हे ओळखण्याची सवय त्या प्रश्नातून लागत नाही. मोठ्या खेळाडूंचे पूर्ण डाव वाचायचे ते याचसाठी. शांत दिसणाऱ्या पंधरा चालींनंतर सोळावी चाल शांत नाही, हे त्यांना कशावरून कळते, ते पाहण्यासाठी.

यात एक साधन विलक्षण उपयोगी पडते, आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. ते म्हणजे घड्याळ. सिंगापूरच्या सामन्यात पहिल्या चाळीस चालींसाठी प्रत्येकाला १२० मिनिटे होती. कोणत्या चालीला किती वेळ लागला, हे प्रक्षेपणात दिसत असते. आजचे खेळाडू सुरुवातीच्या कित्येक चाली घरी, इंजिनाच्या मदतीने तयार करून येतात. त्या चाली भराभर पडतात. मग एकाएकी कोणीतरी वीस मिनिटे थांबतो. तेथे परंपरा संपते आणि खेळाडूची स्वतःची ओळ सुरू होते. साहित्याच्या वाचकाला हे लगेच उमजावे. कवितेत कुठे संकेत बोलतो आहे आणि कुठे कवी, हे ओळखणे हा आपल्याही कामाचा भाग आहे. बुद्धिबळात ती सीमारेषा घड्याळ आपल्यासाठी आखून देते. ती पाहायची सोडून आपण पट्टी पाहत बसतो.

स्पर्धेच्या पातळीवरही हाच निकालवेध दिसतो. गुणतक्ता वाचला की स्पर्धा वाचली असे वाटते. २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत नाशिकचा विदित गुजराथी सहावा आला. तक्ता वाचणारा त्याला विसरून जाईल. पण त्याच स्पर्धेत त्याने हिकारू नाकामुराला दोन्ही डावांत, एकदा काळ्या आणि एकदा पांढऱ्या मोहऱ्यांनी, हरवले. डाव वाचणाऱ्याच्या संग्रही हे दोन डाव राहतील. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकरमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळवला. महाराष्ट्रात त्याचा आनंद झाला, सत्कार झाले, तिच्या वयाची आणि बक्षिसाची चर्चा झाली. ते सर्व योग्यच होते. पण तिच्या एखाद्या डावातली एखादी चाल, ती का खेळली गेली याच्या विवेचनासह, मराठीत किती जणांनी वाचली असेल? पुरस्कारप्राप्त कादंबरीच्या लेखकाचे सत्कार व्हावेत आणि कादंबरी कोणी वाचू नये, तसे हे आहे. मराठीत बुद्धिबळाची परिभाषा आहे, खेळाडूंची परंपरा आहे, भाष्याची तर सातशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. डावांवरचे सकस मराठी गद्य मात्र हवे तेवढे नाही. हे काम केवळ क्रीडावार्ताहरांनी करावे असे मला वाटत नाही. खेळ जाणणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकानेही ते करून पाहावे.

मग डाव वाचावा कसा? माझ्या मते एका फेरीतला एकच डाव निवडावा. मोजपट्टी बंद करावी. ती बंद करता येते. चाली एकेक करून पुढे न्याव्यात आणि खेळाडू जिथे बराच वेळ थांबला असेल तिथे आपणही थांबावे. पुढची चाल झाकावी, आपली चाल ठरवावी आणि तिचे कारण एका पूर्ण वाक्यात कागदावर लिहावे. वाक्य लिहिण्याचा आग्रह महत्त्वाचा आहे, कारण 'असे वाटले' हे वाक्य होत नाही हे लिहिताना लगेच कळते. मग खेळाडूची चाल पाहावी. ती वेगळी असेल तर त्याने काय पाहिले असावे, याचा अंदाज बांधावा. त्यानंतर डावानंतरच्या मुलाखतीत खेळाडू काय म्हणतो ते ऐकावे. आणि सर्वांत शेवटी इंजिन उघडावे, तेही निवाड्यासाठी नव्हे, तर माझे, खेळाडूचे आणि यंत्राचे मत कोठे फुटले एवढेच पाहण्यासाठी. शिकण्यासारखे काही असेल तर ते त्या फाट्यावरच सापडते. बॉटविनिक तर खेळाडूंना आपल्या विश्लेषणाचे लेखन करून ते प्रसिद्ध करायला सांगत असे, म्हणजे त्यातल्या चुका दुसऱ्यांच्या नजरेला येतील. लिहिणे आणि ते चारचौघांत तपासून घेणे, ही शिस्त आपल्याला अपरिचित नाही.

या पद्धतीत वेळ जातो, हे खरे. एका संध्याकाळी एकच डाव होतो. पट्टी पाहत चार डाव सहज 'पाहून' होतात. पण गाईड वाचून चार कविता 'करून' होतात, हे आपण वर्गात रोज पाहतो. गाईडमधला अर्थ बहुतेक वेळा चुकीचा नसतो, हीच तर त्यातली अडचण आहे. तो बरोबर असतो आणि तरीही विद्यार्थ्याचा नसतो. प्रश्न थोडा बदलला की त्याच्या हाती काही उरत नाही. इंजिनाचे तसेच आहे. ते आपल्यापेक्षा अधिक जाणते, याबद्दल त्याच्याशी भांडण्याचे कारण नाही. भांडण असलेच तर ते आपल्या घाईशी आहे. दोष सांगणारी टीका आता यंत्र करील, आणि आपल्यापेक्षा चांगली करील. उलगडून सांगणारी टीका अजून माणसानेच करायची आहे. ती करण्यासाठी आधी पटासमोर, उत्तर माहीत नसताना, थोडा वेळ बसावे लागते.